हमीदभाईंचे चार तारे

हमीदभाई,

परवा तुमच्या दुकानापुढे सतरंजी टाकली होती. लोक येत होते, बसत होते, उठताना जो तो एकच बोलत होता, "मोठा शांत माणूस. कधी कोणाशी वाद नाही." तिसऱ्यांदा हे ऐकलं आणि मला हसू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. तुमच्या लेकीनं, शबानानं माझ्याकडे पाहिलं, समोरच्या पानवाल्यानं पाहिलं. साठीची बाई मयताच्या बैठकीत हसते म्हणजे काय! पण मी तरी काय करू? चौदा वर्षं तुमच्याशी भांडले मी. तेही कशावरून, तर आकाशातल्या एका ढगावरून.

शांत म्हणे. होता तुम्ही शांत, पण तो शांतपणा समोरच्याचं डोकं फिरवायचा. मी तावातावानं बोलावं, तुम्ही कोणाच्या तरी चष्म्याची काडी आवळत बसावं, आणि माझं संपलं की मान वर न करता म्हणावं, "झालं मॅडम? आता चूक काय ते सांगू?"

अजून तुमचा चाळिसावा दिवस व्हायचा आहे. म्हणून म्हटलं, लोकांनी तुम्हाला पार गरीब गाय करून टाकायच्या आत मी बोलून घेते.

पहिल्याच भेटीत तुम्ही मला वैताग आणला होता. मी चांदूर बाजारच्या शाळेत विज्ञान शिकवायची. वाचताना डोकं दुखायचं म्हणून काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून घेत परतवाड्याला तुमच्या दुकानात चष्मा करायला आले. तुम्ही माझ्या नाकावर ती लोखंडी चौकट ठेवली, काचा बदलून बदलून तास घालवला आणि शेवटी विचारलं, "मॅडम, वाचता कशात?"

"कंदिलात. लाइट असते कुठं?"

"मंग डोळे चांगले हायेत. कंदील बदला."

आणि चष्मा दिलाच नाही! चष्मा न विकणारा चष्मेवाला मी त्याआधी पाहिला नव्हता. अर्धा दिवस वाया गेला म्हणून मी चिडून उठले, तर कोपऱ्यात बोअरचा केसिंग पाइप उभा दिसला. मी विचारलं, हे काय. तुम्ही म्हणालात, दुर्बीण. मला वाटलं गंमत करताय. तुम्ही पाइपाच्या बुडातला आरसा दाखवला. सहा इंची. जाड काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर आठ महिने घासून, दुकान उघडायच्या आधी रोज सकाळी एका ड्रमाभोवती फिरत फिरत तुम्ही तो केला होता. "साडेसातले लाइट जाते," तुम्ही म्हणालात, "तवा गच्चीवर चला. शेवटची जीप नऊले हाय."

जानेवारी होता. परतवाडा अंधारात बुडालं, आणि मेळघाटाच्या बाजूनं असं गार वारं आलं की मी पदर कानाला गुंडाळला. मृग नक्षत्र वर आलं होतं. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली तुम्ही पाइप लावला आणि बाजूला झालात. मी वाकून पाहिलं. राखाडी, किंचित हिरवट असा काही तरी धूर, पंख पसरल्यासारखा. त्याच्या मधोमध चार बारीक तारे, एकमेकांना चिकटून बसलेले. वीस वर्षं मी पोरांना फळ्यावर तेजोमेघ काढून दाखवत होते. खरा पहिल्यांदा पाहिला तो तुमच्या गच्चीवर.

एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण मी मास्तरीण. म्हणाले, "त्या चारांतला जो सगळ्यात तेजस्वी आहे, त्याचा उजेड ढगावर पडतो. आपला रस्ता मोटारीच्या दिव्यात उजळतो, तसा."

"नाई," तुम्ही म्हणालात. "ढग सोताच्या उजेडानं चमकते."

"पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकवाल्यानं पाह्यलं काय?"

बस. तिथून जे सुरू झालं ते चौदा वर्षं पुरलं. तुम्ही म्हणालात, शाळेच्या प्रयोगशाळेतला, उजेडाचे रंग वेगळे करणारा काचेचा लोलक एका संध्याकाळपुरता द्या, निकाल लावून टाकतो. मी म्हणाले, शाळेची वस्तू बाहेर देता येत नाही, रजिस्टरला नोंद असते. खरं कारण वेगळं होतं. आठवी शिकलेला चष्मेवाला माझं पुस्तक खोटं ठरवेल, याची मला धास्ती वाटत होती.

ती वर्षं कशी होती, ते तुम्हाला काय सांगायचं. बारा-बारा तास लाइट नाही. कापूस घरात पडलेला, आणि पेपरात दर आठवड्याला जवळपासच्या एखाद्या गावाचं नाव. मग त्या गावात गाड्या यायच्या. साहेब यायचे, कॅमेरे यायचे, याद्या करणारे यायचे. आणि त्याच गावांमध्ये तुम्ही मोपेडला पाइप बांधून जायला लागलात. मी तुम्हाला तुमच्या दुकानात येऊन झापलं होतं. आठवतं? "लोकांच्या घरात काय चाललंय अन् तुम्ही ढग दाखवत फिरता? लाज नाही वाटत?"

तुम्ही काच पुसत म्हणालात, "वाटते ना. म्हणून तं रिकाम्या हातानं जात नाई."

मला त्याचा आणखीच राग आला. काय करता ते एकदा डोळ्यांनी पाहावं आणि मग नीट भांडावं, म्हणून मी तुमच्याबरोबर शांताबाईच्या गावाला आले. चांदूर बाजारच्या पलीकडचं ते छोटं गाव. शांताबाई वांगी, गवार, कोथिंबीर पिकवायची आणि आठवडी बाजारात आणून विकायची. तिचा भाऊ फवारणीचं औषध पिऊन गेला, त्याला महिना झाला होता. मी जीव तोडून सांगत होते, त्या घराकडे जाऊ नका. तुम्ही नेमकी त्यांच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत दुर्बीण लावली.

माणसं जमली. तुम्ही मृग दाखवला. एक म्हातारा म्हणाला, "हा मृग? आपल्या पेरनीचा?" तुम्ही सांगितलं, "तोच. पन जूनमदी सूर्यच त्याच्या घरात बसला असते. मृग लागते तवा मृग दिसत नाई." म्हातारा म्हणाला, "म्हंजे आमच्या पुढाऱ्यावानीच हाय. कामाच्या वक्ती गायब." त्या गावात महिनाभरात पहिल्यांदा कोणी हसलं असेल.

शांताबाई सगळ्यात शेवटी आली. तिनं पुष्कळ वेळ पाहिलं. विचारलं, "कायचं हाय हे?"

"ढग. यातूनच तारे जन्मतात."

"पानी पडते याच्यातून?"

"नाई."

"मंग कायले हाय?"

प्रत्येक गोष्टीला उत्तर असणारे तुम्ही, त्या दिवशी म्हणालात, "मालूम नाई, बाई."

ती पुन्हा वाकली, पुन्हा पाहिलं. मग उभी राहून माझ्याकडे बघत म्हणाली, "महिना झाला, लोक येऊन रायले. जो येते तो लिवून नेते. दाखवाले कोनी आलं नोतं."

मी भांडायला आले होते. परतताना तुम्हाला म्हणाले, पुढच्या वेळी मलाही सांगा. त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात आपण हिंडलो. नक्षत्रं मी समजावायची, पाइप तुम्ही फिरवायचा. वाटेत भांडण दोघांचं.

आता त्या कागदाचं. इतकी वर्षं झाली तरी तो विषय निघाला की माझे कान तापतात.

मी शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन ठेवलं होतं. मुख्याध्यापकांच्या मागे लागून परवानगी काढली, हस्तपत्रक छापलं, आणि त्यावर तेजोमेघाचा रंगीत फोटो टाकला. गुलाबी, तांबडा, कमळासारखा फुललेला. तुम्ही आधीच म्हणाला होता, "मॅडम, हे छापू नका. डोळ्याले असं दिसत नाई." मी म्हणाले, लोक यायला तर हवेत! आले की. बैलगाड्यांनी आले, जीप भरून आले. मैदान भरलं. शांताबाई तिच्या गावातल्या दहा-बारा बायका घेऊन आली होती. तिनं एका हातात माझा कागद धरला, दुर्बिणीतून पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"मॅडम, कागदावर गुलाबी हाय. इथं तं चुलीतली राख दिसून रायली."

मी सांगायला तोंड उघडलं, की कॅमेरा तासभर उजेड गोळा करतो, अंधारात आपल्या डोळ्याला लाल रंग कळत नाही, पण तो तिथं असतो. खरं आहे ते. पण तुम्ही माझ्या आधी बोललात. साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं.

"बाई, कागद खोटा हाय, डोळा खरा हाय. बियाण्याच्या पाकिटावर पाह्यलं नाई का कसं बोंड असते? पांढरं शुभ्र, मुठीएवढं. अन् वावरात काय निंगालं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, हमीदभाई! माझ्या शाळेत, माझ्या मुख्याध्यापकांसमोर, माझ्या पोरांसमोर तुम्ही मला बियाण्याचं खोटं पाकीट विकणाऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवलं. तुम्हाला ते बोलायला कोणी लावलं होतं? फोटो खोटा नव्हता. आजही सांगते, नव्हता.

दीड वर्ष मी तुमच्याशी बोलले नाही. परतवाड्याला कामानं आले तरी तुमच्या दुकानासमोरून जायचं टाळायची, गल्ली बदलायची. तुम्ही माफी मागाल, अशी वाट पाहत होते. पण तुम्ही कसले! एका दुपारी शाळा सुटताना फाटकात उभे. हातात काही नाही, चेहऱ्यावर काही नाही. म्हणालात, "मॅडम, माझी गाडी बिघडली. शांताबाईच्या गावाले तुमच्या स्कूटीवर नेता काय?"

दीड वर्षानं पहिलं वाक्य हे. मी म्हणाले, "गाडी दुरुस्त करा ना मग." तुम्ही म्हणालात, "होत नाई ती." आणि मी गधी तुम्हाला घेऊन गेले. तुम्ही मागं बसायचे, पाइप तोफेसारखा मांडीवर आडवा धरून. समोरून येणारे बाजूला व्हायचे. दुर्बिणीची लाकडी बैठक शांताबाईच्या गोठ्यातच ठेवलेली असायची.

तुमच्या नव्या तऱ्हांनी मला तेव्हा फार वैताग यायचा. पूर्वी तुम्ही दाखवून बाजूला व्हायचा. आता प्रत्येकाला धरून ठेवायला लागलात. "काय दिसते? किती तारे? कोनता मोठा? ढग कोन्या बाजूले पसरला हाय? सांगा, नीट सांगा." रांग खोळंबायची. दुर्बिणीला काही मोटर नव्हती, तारा सरकून जायचा, पुन्हा पाइप हलवावा लागायचा. मी म्हणायची, "हमीदभाई, ही काय तोंडी परीक्षा आहे का?" तुम्ही हसायचे. आणि गावातल्या बायका भलत्याच उत्साहानं सांगत बसायच्या. "वरच्या अंगाले जरा काया अंधाराचा खड्डा हाय, भाई. चौघातला एक बारीक हाय. आज तिसरा लुकलुक करून रायला." एकेक जण पाच-पाच मिनिटं. शांताबाई तर पोवाडा म्हटल्यासारखं वर्णन करायची.

दुकानात बारीक काम शबाना करायला लागली होती. रस्त्यात पाटी आली की तुम्ही मला विचारायचे, "हे कोनतं गाव आलं?" मला वाटायचं, म्हातारपणी माणूस आळशी होतो.

आणि मग ती संध्याकाळ. शांताबाईच्याच गावात. कोणाची तरी शाल पाइपाला अडकली, पाइप हलला. तुम्ही चाचपत पुन्हा लावला, वाकून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणालात, "या, पाहा. मधोमध चार तारे, भवताल ढग. आज तं एकदम साफ!"

मी सहज डोळा लावला. मृगाच्या पायाचा तारा होता तो. एकटा, निळसर, टपोरा. भोवती काळं आकाश. ढगाचा मागमूस नाही.

"चार? हमीदभाई, इथं एक आहे. आणि ढग कुठाय?"

मी त्या सगळ्या माणसांसमोर, तुम्ही जसं माझ्या मैदानावर बोलला होता तसंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या कागदाला खोटं म्हणणारे तुम्ही! आता कोण खोटं दाखवून राहिलं?"

कोणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत. तुम्ही चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. म्हणालात, "चूक झाली, मॅडम. तुमी लावा." मी पाइप ढगावर लावला. जिंकल्यासारखा लावला, हमीदभाई. ते मला विसरता येत नाही.

परत येताना अर्धा रस्ता मागे पडला. मग मागून म्हणालात, "मॅडम, मले ते चार तारे दोन वर्षांपासून दिसत नाई."

मी स्कूटी थांबवली. रस्त्याच्या कडेला संत्र्याची बाग होती, तिच्या कुंपणापाशी आपण उभे राहिलो. जिथं बघावं तिथंच मधोमध काळा डाग येतो, तुम्ही सांगितलं. माणूस दिसतो, तोंड दिसत नाही. मोपेड बिघडली नव्हतीच. आणि ढग? ढग अजून दिसतो, म्हणालात, नजर जरा बाजूला टाकली की; मघाशी त्या टपोऱ्या ताऱ्याचा पसरलेला उजेडच ढग वाटला. तारा गेला, ढग हाय.

त्याच आठवड्यात मी तुम्हाला धरून अकोल्याला नेलं, जठारपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी तपासलं आणि विचारलं, "काका, सुरुवातीला सरळ रेषा वाकडी दिसली असेल ना तुम्हाला? दाराची चौकट वगैरे?"

तुम्ही म्हणालात, "हो. दोनदा बदलली."

"काय बदलली?"

"चौकट. सुताराले बोलावून. मले वाटलं त्यानंच वाकडी बसवली."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मी भिंतीकडे. अख्खं आयुष्य लोकांचे डोळे तपासण्यात घालवलेला माणूस! शेकडो लोकांना तुम्हीच दटावून या डॉक्टरांकडे धाडलेलं. आणि स्वतःच्या डोळ्याचा वहीम बिचाऱ्या सुतारावर. डॉक्टर म्हणाले, पडद्याच्या मधला भाग गेला आहे, लवकर आला असता तर थोडं अडवता आलं असतं. अमरावतीपर्यंत बसमध्ये मी तुम्हाला इतकं बोलले की पुढच्या सीटवरचा माणूस वळून म्हणाला, "जाऊ द्या ना ताई, नवऱ्याले किती बोलान." तुम्ही एवढे हसलात की ठसका लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या महिन्यात मी शाळेतून निवृत्त होणार होते. जायच्या आधी एकदा प्रयोगशाळेचं कपाट उघडलं, लोलक पिशवीत टाकला, आणि रजिस्टरमध्ये काहीही न लिहिता परतवाड्याला आले. तुमच्या गच्चीवर आपण दुर्बिणीच्या भिंगापुढे रबरानं लोलक बांधला. त्यातून आडवं बघावं लागायचं, मान अवघडायची. सापडायला पाऊण तास लागला. तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून विचारत होता, "काय दिसते? सांगा, नीट सांगा."

आता मी सांगितलं. नीट सांगितलं.

"तारे फाटले. एकेकाची बारीक रंगीत पट्टी झाली, इंद्रधनुष्यासारखी."

"अन् ढग?"

ढगावर ताऱ्याचाच उजेड पडून परतत असता, तर तोही तसाच रंगांत पसरून गेला असता. माझं पुस्तक खरं असतं तर.

"ढग फाटला नाही. हिरवट डाग, तसाच आहे. बाजूला त्याची एक फिकट सावली. बाकी काही नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे तो स्वतःच्या उजेडानं चमकतो. तुम्ही जिंकलात."

मला वाटलं, आता तुम्ही उडी माराल. तुम्ही विचार करत म्हणालात, "मंग तारा कायले लागते?"

मग मी वाचलेलं सांगितलं. तो तारा इतका तापलेला असतो की त्याचे डोळ्याला न दिसणारे किरण ढगातल्या वायूला फोडतात. फुटलेलं परत जुळतं, आणि जुळताना उजेड देतं. उजेड वायूचा, पण फोडणारा तारा. तो विझला तर काही काळानं ढगही काळा.

"म्हंजे दोघंबी बरोबर," तुम्ही म्हणालात.

"नाही. मी म्हणायची, उजेड ताऱ्याचा आहे. ते चूक. तुम्ही बरोबर."

"नाई मॅडम. दोघंबी."

"अहो, मी हरले म्हणतेय ना!"

"तुमी म्हनान तसं थोडीच असते?"

हरूसुद्धा दिलं नाही तुम्ही मला. त्यावरून आणखी अर्धा तास भांडलो, आणि शबाना खालून ओरडली की चहाचं पाणी आटलं.

शेवटच्या दवाखान्याचं काय सांगू. चांदूर बाजारहून येताना जीपमध्ये मी वाक्य घोकत होते. "त्या दिवशी गावात मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं." एवढंच. दारात उभी राहिले, तुम्ही विचारलं, "कोन?" मी म्हणाले, "मी." तुम्ही म्हणालात, "मी तं सगळेच असतात." मग तिथल्या चहात साखर नाही यावरून सुरू झालात. मी म्हणाले, डॉक्टरनं बंद केली आहे. तुम्ही म्हणालात, डॉक्टर काय मरतानाबी फिका चहा पाजन काय. मी चिडले, शेवटच्या जीपची वेळ झाली, आणि उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी शबानाचा फोन आला.

तुम्हाला साखरेचाच विषय काढायचा होता?

काल संध्याकाळी मी शांताबाईच्या गावाला गेले. तुमची दुर्बीण शबानानं माझ्या हवाली केली आहे. गोठ्यातून बैठक काढली, पाइप चढवला, ढग लावला. तुम्ही गेल्याचं सगळ्यांना कळलं होतं. रांग लागली, पण कोणी बोलेना. शांताबाई डोळा लावायला पुढे आली, तेव्हा मी म्हणाले, "थांबा जरा. मला काही सांगायचं आहे."

आणि सांगितलं, सगळ्यांसमोर. त्या दिवशी हमीदभाई खोटं बोलत नव्हते. त्यांना दिसत नव्हतं. दोन वर्षांपासून दिसत नव्हतं, आणि ते मला माहीत नव्हतं. मी त्यांना इथं, तुमच्यासमोर खोटारडं म्हटलं. ते माझं चुकलं.

शांताबाईनं पदर सावरला. "आमाले ठाऊक होतं, मॅडम."

"काय ठाऊक होतं?"

"भाईले दिसत नाई ते. तवापासूनच. आदल्या साली माह्या हातातली टोपली सोडून बाजूच्या हवेले विचारत होते, वांगे कसे देल्ले. म्हनून तं समदे सांगत होते ना त्यायले. खड्डा कोठी हाय, कोनता तारा बारीक हाय. नाईतं आमाले काय कामं नोते?"

हमीदभाई, त्या पोवाड्यासारख्या वर्णनांवर मी किती वैतागायची! रांग खोळंबते म्हणून बायकांना दामटायची. अख्खं गाव तुम्हाला तो ढग दाखवत होतं आणि मी घड्याळ बघत उभी.

"मग मला कोणी का नाही सांगितलं?"

"तुमाले?" शांताबाई म्हणाली. "तुमी तं मॅडम. तुमाले कोन सांगन?"

मी दुर्बिणीपाशी तशीच उभी राहिले. शेवटी रांगेतून मागची एक बाई म्हणाली, "मॅडम, सरका ना आता. ढग चालला."

सरकले.